नायटा समजून गेलेले आठ महिने: एका वयस्क बोक्याच्या त्वचेवरील बोवेनॉइड कर्करोग

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुकताच सुरू झालेला असताना, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आपल्या बोक्याला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. बंड्या हा साधा देशी बोका. राखाडी-काळ्या पट्ट्यांचा, अंदाजे १३ वर्षांचा, वजन ३.९ किलो. आयुष्याची पहिली चार-पाच वर्षे तो खाडीकाठी मोकाट वाढला होता आणि त्या काळातल्या मारामाऱ्यांच्या खुणा त्याच्या दोन्ही कानांच्या कडांवर अजून दिसत होत्या. बाईंनी त्याला घरात घेतले, त्याची नसबंदी करून घेतली, आणि त्यानंतर तो घर आणि ओटा सोडून फारसा कुठे गेला नाही. घरात त्याच्याबरोबर आणखी एक तरुण मांजरी होती आणि ती पूर्ण निरोगी होती.

बाईंच्या सांगण्यानुसार पहिला चट्टा आदल्या डिसेंबरात उजव्या खांद्यावर दिसला. काळपट, किंचित उंचावलेला, वर घट्ट खपली. औषधांच्या दुकानातून एक मलम आणले गेले. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड यांचे एकाच ट्यूबमधले मिश्रण आपल्याकडे माणसांच्या खाजेवर सर्रास लावले जाते, हे मलम त्याच प्रकारचे होते. पहिल्या काही दिवसांत खपली मऊ पडून चट्टा बरा होतो आहे असे वाटले आणि मग तो पुन्हा पूर्वीसारखा झाला. फेब्रुवारीत कपाळावर दोन नवे चट्टे आले. मार्चमध्ये एका दवाखान्यात दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले. मेअखेरीस चट्ट्यांची संख्या सात झाली आणि खांद्यावरच्या पहिल्या चट्ट्याच्या मधोमध जखम उघडी पडली. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

मी तपासले तेव्हा चट्टे असे होते: कपाळावर, कानांच्या पुढे दोन, मानेच्या डाव्या बाजूला दोन, हनुवटीच्या कडेला एक, डाव्या पुढच्या पायावर मनगटाजवळ एक, आणि उजव्या खांद्यावर तो पहिला, १८ मिमी लांबीचा, मध्यभागी व्रण असलेला. बाकीचे ५ ते १२ मिमीचे होते. त्यांच्यावरचे केस हलक्या ओढीनेही निघून येत होते आणि खपली काढू पाहिली की बोका अंग चोरून घेत होता. खपलीखालची त्वचा ओलसर आणि लालसर होती. खांद्यापुढची उजवी लसिकाग्रंथी किंचित मोठी लागत होती. हिरड्या सुजलेल्या होत्या आणि तोंडाला वास होता.

पहिल्याच भेटीत बाईंनी विचारलेला एक प्रश्न मी इथे मुद्दाम नोंदवतो. त्या म्हणाल्या, ''डॉक्टर, हा कधी खाजवत नाही. आणि घरात आम्ही तिघे आहोत, दुसरी मांजरी आहे, कुणालाच काही झाले नाही. मग हा नायटा कसा?'' प्रश्न अगदी योग्य होता. मी त्याला उत्तर दिले, पण त्यावर विचार केला नाही. मांजरांच्या नायट्याला पुष्कळदा फारशी खाज नसते, हे मी त्यांना सांगितले आणि ते खरेही आहे. परंतु सहा महिने टिकलेला, वाढत गेलेला, तरीही घरातल्या एकाही माणसाला किंवा प्राण्याला न लागलेला नायटा १३ वर्षांच्या बोक्यात असणे हे किती असंभाव्य आहे, याचा हिशेब मी मांडायला हवा होता. गंभीर नायटा प्रामुख्याने पिल्लांचा आणि प्रतिकारशक्ती खचलेल्या प्राण्यांचा आजार असतो. म्हातारपणी तो प्रथमच उद्भवला, तर त्याच्यामागे दुसरे काहीतरी दडले आहे असेच धरून चालावे लागते.

मी केले ते असे. वुड्स दिव्याखाली, म्हणजे नायट्याचे काही केस ज्यात चमकतात त्या अतिनील प्रकाशात, केस पाहिले, ते चमकले नाहीत. मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीचे सगळेच वाण चमकत नाहीत, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हते. केस आणि खपल्या बुरशीच्या संवर्धनासाठी पाठवल्या. व्रणावर काचपट्टी टेकवून घेतलेल्या नमुन्यात पांढऱ्या पेशी आणि गोल जिवाणू दिसले, आणि काही त्वचापेशींची केंद्रके आकाराने मोठी व विषम दिसली. सूज असलेल्या जागी त्वचापेशी अशा बिघडलेल्या दिसू शकतात, म्हणून मी त्यांना महत्त्व दिले नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे प्रतिजैविक दहा दिवस, इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक एक आठवडा देऊन एक आठवडा सोडून, आणि बुरशीनाशक शाम्पू असे उपचार सुरू झाले. ग्रिसिओफुल्विन या दुसऱ्या बुरशीनाशकाचाही विचार मनात येऊन गेला होता. ते दिले नाही हे बंड्याचे सुदैव, त्याचे कारण पुढे येईलच.

तीन आठवड्यांनी संवर्धनाचा अहवाल आला. बुरशी वाढली नव्हती. आधी लावलेल्या मलमामुळे अहवाल फसवा आला असेल, असे मी स्वतःला समजावले आणि आणखी तीन आठवडे घालवले. ज्याला पावसाळ्यात रोज दोन-तीन खरे नायटे पाहण्याची सवय असते, त्याच्या डोळ्यांना चौथाही नायटाच दिसतो. व्रण बरा झाला नाही. तो थोडा खोल झाला.

निदानाची दुसरी फेरी

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी सगळे औषधोपचार थांबवून प्रश्न नव्याने मांडला. वयस्क मांजर, अनेक जागी, केसाळ आणि रंगद्रव्य असलेल्या त्वचेवर, खाज नसलेले, खपलीदार, हळूहळू वाढणारे आणि प्रतिजैविक व बुरशीनाशक या दोन्हींना दाद न देणारे चट्टे. या वर्णनात बसणाऱ्या शक्यता मर्यादित आहेत. पेम्फिगस फोलिएशस या स्वयंप्रतिकार आजारात खपल्या येतात, पण त्या बहुतेक वेळा कानांच्या आतल्या बाजूवर, नाकावर आणि नखांच्या मुळाशी दिसतात. मास्ट पेशींच्या गाठी अनेक असू शकतात, पण त्या बहुधा गोल आणि बिनखपलीच्या असतात व सुईच्या नमुन्यात सहज ओळखू येतात. प्रोग्रेसिव्ह हिस्टिओसायटोसिस हा दुर्मीळ आजार डोके आणि पायांवर वेदनारहित गाठी आणतो. त्वचेतला टी-पेशींचा लिम्फोमा खवले आणि लाल चट्टे घेऊन येतो. क्रिप्टोकॉकससारखी खोलवरची बुरशी व्रण करते. आणि राहिला बोवेनॉइड इन सिटू कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या बाह्यस्तरातच मर्यादित असलेला, एकाच वेळी अनेक जागी उगवणारा स्क्वेमस (चपट्या त्वचापेशींचा) कर्करोग.

या शेवटच्या आजाराविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण मांजराच्या त्वचेचा स्क्वेमस पेशींचा कर्करोग म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना पांढऱ्या मांजराचे कान, पापण्या आणि नाक आठवते. तो कर्करोग उन्हाचा असतो. पत्र्यावर आणि गच्चीत तासन्‌तास ऊन खात पडणाऱ्या पांढऱ्या मांजरांच्या विरळ केसांच्या, रंगद्रव्यहीन त्वचेवर तो होतो. बोवेनॉइड प्रकाराचा उन्हाशी तसा संबंध नाही. तो गडद, दाट केसांच्या त्वचेवरही येतो आणि त्याच्या मुळाशी बहुसंख्य वेळा मांजरांचा पॅपिलोमा विषाणू, मुख्यत्वे फेलिस कॅटस पॅपिलोमा विषाणू प्रकार २, असतो. हा विषाणू बहुतेक मांजरांच्या त्वचेवर पिल्लू असल्यापासून वस्तीला असतो आणि आयुष्यभर निरुपद्रवी राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती घटली की काही थोड्या मांजरांत तो त्वचापेशींचा ताबा घेतो. त्याचे ई७ हे प्रथिन पेशीतल्या रेटिनोब्लास्टोमा प्रथिनाला निकामी करते. पेशीविभाजनाला आवर घालणारा हा लगाम सुटला की पेशी अनिर्बंध वाढतात आणि पी१६ नावाचे दुसरे प्रथिन पेशींत साचत जाते. हे साचलेले पी१६ रंगवून पाहता येते, आणि म्हणूनच ते विषाणूजन्य कर्करोगाची खूण म्हणून वापरले जाते. आजाराचे नाव जॉन बोवेन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञावरून आले आहे. त्यांनी १९१२ साली माणसांतल्या अशाच त्वचाविकाराचे वर्णन केले होते.

ही शक्यता मनात पक्की झाल्यावर स्टेरॉइडचा इतिहास वेगळ्या अर्थाने दिसू लागला. चार महिने लावलेले मलम आणि एक दीर्घकालीन इंजेक्शन, म्हणजे जी प्रतिकारशक्ती विषाणूला दाबून ठेवते तिलाच दाबणे. एकाचे सात चट्टे त्याच काळात झाले होते. एकाच प्रकरणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, परंतु निदान न झालेल्या चट्ट्यावर स्टेरॉइड लावू नये हे सांगायला मला एवढे पुरेसे वाटते.

बायोप्सीपूर्वी रक्ततपासणी केली. मांजरांच्या एफआयव्ही या प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूची जलद चाचणी सकारात्मक आली, फेल्व्ह या मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची नकारात्मक आली. तरुणपणीच्या मारामाऱ्या पाहता यात नवल नव्हते, कारण एफआयव्ही मुख्यतः चाव्यातून पसरतो. ग्रिसिओफुल्विनचा उल्लेख मी याचसाठी केला. एफआयव्ही असलेल्या मांजरांत ते अस्थिमज्जा दाबून टाकून पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते, आणि मी ही चाचणी जूनमध्ये केलेली नव्हती. क्रिएटिनिन १.९ मिग्रॅ आणि लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०२४ आले, म्हणजे मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराची दुसरी पायरी. यकृताचे एएलटी हे विकर १६८ होते, ते बहुधा इट्राकोनॅझोलमुळे वाढले असावे. छातीचे तीन बाजूंनी घेतलेले एक्स-रे स्वच्छ होते. लसिकाग्रंथीतल्या सुईच्या नमुन्यात केवळ प्रतिक्रियात्मक वाढ दिसली.

बायोप्सी कशी घेतली हे तपशिलाने लिहितो, कारण या आजारात निदान हुकते ते पुष्कळदा इथेच. शस्त्रक्रियेच्या सवयीने आपला हात प्रथम जागा मुंडण्याकडे आणि घासून स्वच्छ करण्याकडे जातो. या चट्ट्यांच्या बाबतीत ते करायचे नसते. रोग त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात असतो आणि खपली हा त्याचाच भाग असतो. खपली घासून काढली तर विकृतितज्ज्ञाच्या हाती खालची सुजलेली त्वचा तेवढी जाते आणि अहवाल येतो: जुनाट दाह. म्हणून केस कात्रीने अलगद कापले, वस्तरा लावला नाही, जंतुनाशक चोळले नाही. हलकी भूल देऊन तीन जागांचे नमुने घेतले. कपाळावरच्या एका चट्ट्याच्या मध्यातून आणि मनगटाजवळच्या चट्ट्यातून ६ मिमीच्या पंचने (त्वचेचा गोल तुकडा कापणाऱ्या उपकरणाने), आणि खांद्यावरच्या व्रणाच्या कडेतून ८ मिमीच्या पंचने, असा की त्यात व्रणाचा काठ आणि लगतची उंचावलेली त्वचा दोन्ही यावीत. व्रणाच्या मध्यातून घेतलेल्या तुकड्यात मृत ऊतकाशिवाय काही सापडत नाही. सुटून पडलेल्या खपल्याही त्या त्या बाटलीतच टाकल्या. प्रत्येक जागेसाठी वेगळी बाटली, तुकड्याच्या किमान दसपट १० टक्के फॉर्मॅलिन, बाटलीवर जागेचे नाव. सोबत चट्ट्यांची छायाचित्रे, वय, आतापर्यंतची सर्व औषधे, एफआयव्हीचा निकाल आणि माझी शंका लिहिलेले पत्र जोडले. विकृतितज्ज्ञाला ३ ओळींचा इतिहास पाठवून नेमक्या उत्तराची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, असे माझे मत आहे.

नऊ दिवसांनी अहवाल आला. कपाळ आणि मनगट या दोन्ही ठिकाणी बाह्यत्वचा जाड झालेली होती, तिच्या तळापासून माथ्यापर्यंत सर्व थरांत विकृत, दाटीने भरलेल्या, एकाच दिशेला कललेल्या पेशी होत्या आणि ही विकृती केसांच्या मुळांच्या वरच्या भागातही उतरली होती, पण आधारपटल, म्हणजे बाह्यत्वचा आणि खालची त्वचा यांमधला पातळ पडदा, अखंड होते. हा बोवेनॉइड इन सिटू कार्सिनोमा. खांद्याच्या नमुन्यात हेच चित्र होते, फक्त एका ठिकाणी आधारपटल फुटून पेशींची लहान बेटे खालच्या त्वचेत शिरलेली होती. तिथे कर्करोगाने जागा सोडली होती. त्याच नमुन्यांवर पी१६ची चाचणी करून घेतली आणि तिन्हींत पेशी गडद रंगल्या.

उपचारांची आखणी

कर्करोग हा शब्द उच्चारल्यावर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो त्याला कायमचे झोपवावे लागेल का, हा. मी त्यांना कागदावर त्वचेचे थर काढून दाखवले आणि ‘इन सिटू’ म्हणजे जागच्या जागी असलेला रोग, तो रक्तात किंवा लसिकेत शिरू शकत नाही, कारण ज्या थरात तो आहे तिथे त्या वाहिन्याच नाहीत, हे समजावले. सहा चट्टे त्या अवस्थेत होते. सातव्याने रेषा ओलांडली होती, पण नुकतीच. त्याच बैठकीत हेही स्पष्ट सांगितले की विषाणू शरीरातून घालवण्याचा उपाय नाही, त्यामुळे जुने चट्टे गेले तरी नवे येत राहतील आणि उपचार हे एकदाचे काम नसून देखरेख असेल. पॅपिलोमाचा हा प्रकार आणि एफआयव्ही या दोन्हींपासून माणसांना धोका नाही आणि घरातल्या मांजरीला वेगळे ठेवण्याचे कारण नाही, हे ऐकून त्यांना सर्वाधिक हायसे वाटले.

खांद्याचा चट्टा शस्त्रक्रियेने काढायचा हे उघड होते. मांजराच्या खांद्यावरची त्वचा सैल असते, त्यामुळे चहूबाजूंनी १ सेंमी निरोगी त्वचा आणि खोलीत स्नायूवरचे एक आवरण असा भाग काढूनही टाके ताणाशिवाय बसले. मूत्रपिंडासाठी आदल्या रात्रीपासून सलाइन चालू ठेवले, शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाबावर सतत लक्ष ठेवले आणि वेदनेसाठी बुप्रेनॉर्फिन वापरले. मूत्रपिंडांना जड जाणारे मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक टाळले. काढलेल्या भागाच्या सर्व कडा कर्करोगमुक्त आल्या, सर्वांत जवळची कड ६ मिमी अंतरावर होती. टाके १२व्या दिवशी निघाले.

उरलेल्या सहांसाठी पर्याय होते: प्रत्येक चट्टा कापणे, द्रव नायट्रोजनने गोठवणे, लेझर, स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सारी स्रोताचा पृष्ठभागावरील उपचार, किंवा इमिक्विमॉड ५ टक्के मलम. किरणोपचार आमच्या हाताशी नव्हते. सहा जागा कापण्याइतकी भूल या मूत्रपिंडांना देणे मला रास्त वाटले नाही, तेही पुढच्या वर्षी नवे चट्टे येणार हे माहीत असताना. म्हणून इमिक्विमॉड निवडले. हे मलम कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाही. ते त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशींवरील टीएलआर-७ या ग्राही प्रथिनाला (रिसेप्टरला) चेतवते, त्या पेशी इंटरफेरॉन आणि इतर संदेशद्रव्ये सोडतात, आणि विकृत पेशींवर हल्ला होतो तो प्राण्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १२ मांजरांच्या एका अभ्यासात सर्व मांजरांनी या मलमाला प्रतिसाद दिला होता, पण त्यातल्या ९ जणांना पुढे नवे चट्टे आले होते. एफआयव्ही असलेल्या बंड्याची प्रतिकारशक्ती किती साथ देईल ही माझी चिंता होती आणि ती मी बाईंपासून लपवली नाही.

याच टप्प्यावर त्यांच्या एका नातेवाइकाने फ्लुरोयुरॅसिल हे मलम सुचवले, कारण माणसांच्या बोवेन आजारात ते वापरतात. ते माणसांसाठी खरेच उपयुक्त आहे, आणि मांजरांसाठी प्राणघातक आहे. त्वचेवर लावलेले किंवा चाटलेले थोडेसे फ्लुरोयुरॅसिलही मांजराला झटके आणून मारू शकते. घरात माणसासाठी ते वापरात असेल तर ज्या हाताने लावले त्या हाताने मांजराला स्पर्शही करू नये. सिस्प्लाटिनच्या बाबतीतही असेच आहे, कुत्र्यांना दिले जाणारे हे औषध मांजरांच्या फुफ्फुसांत पाणी भरवून त्यांचा जीव घेते. मांजर हा लहान आकाराचा माणूस नव्हे किंवा लहान कुत्राही नव्हे, हे कर्करोगाच्या औषधांइतके ठळकपणे क्वचितच कुठे दिसते.

इमिक्विमॉड लगेच सुरू करता आले नाही. ते स्वतःही यकृताची विकरे वाढवू शकते आणि बंड्याचे एएलटी आधीच वाढलेले होते. म्हणजे माझ्या अनावश्यक बुरशीनाशकाने आवश्यक औषधाला चार आठवडे थांबवले. ऑगस्टच्या अखेरीस एएलटी ७४ झाले, तेव्हा सुरुवात केली. एका वेळी दोनच चट्टे. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री. आधी खपली कोमट सलाइनच्या बोळ्याने मऊ करून, ओढून न काढता, जेवढी सुटेल तेवढीच सोडवायची. हातमोजे घालून मलमाचा अगदी पातळ थर चट्ट्यावर आणि भोवतीच्या दोन-तीन मिमी त्वचेवर लावायचा. रात्रभर गळ्यात कॉलर, सकाळी साध्या पाण्याने पुसून मगच कॉलर काढायची. दुसऱ्या मांजरीने चाटू नये म्हणून त्या रात्री दोघांच्या खोल्या वेगळ्या. २५० मिलिग्रॅमची एक पुडी एका रात्रीच्या दोन चट्ट्यांना पुरून उरत असे. उघडलेली पुडी परत वापरायची नाही, एवढे सांगितले होते.

मोजमापासाठी बाईंनी स्वतःच एक पद्धत काढली. दर रविवारी सकाळी खिडकीजवळ, त्याच प्रकाशात, चट्ट्याशेजारी १० रुपयांचे नाणे धरून त्या छायाचित्र काढत. नाण्याचा व्यास २७ मिमी असतो, त्यामुळे घरबसल्या चट्टा लहान होतो आहे की मोठा, हे मला मिलिमीटरमध्ये कळत असे. ही युक्ती मी आता प्रत्येक त्वचारुग्णाच्या घरी सांगतो.

पुढील तेरा महिने

तिसऱ्या आठवड्यात कपाळावरचे दोन्ही चट्टे लालभडक झाले, कडा सुजल्या, आणि बंड्याने दोन दिवस जेवण निम्म्यावर आणले व एकदा उलटी केली. लाली ही औषध काम करीत असल्याची खूण असते हे आधी सांगितलेले असूनही बाई घाबरल्या, आणि भूक कमी होणे हे खरोखरच थांबण्याचे कारण होते. मलम दहा दिवस बंद ठेवले. रक्तात पांढऱ्या पेशी पुरेशा होत्या, एएलटी ९१ होते. त्यानंतर आठवड्यातून दोनदा याप्रमाणे पुन्हा सुरू केले आणि तो त्रास परत झाला नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कपाळाचे दोन्ही आणि मानेवरचा एक असे तीन चट्टे पूर्ण नाहीसे झाले. मानेचा दुसरा डिसेंबरात गेला. हनुवटीचा ८ वरून ३ मिमीवर आला आणि तिथे थांबला. मनगटाजवळच्या ११ मिमी चट्ट्यावर मात्र १४ आठवड्यांत काहीच परिणाम दिसला नाही. ती जागा सतत हलणारी, जमिनीला घासणारी, आणि कॉलर असूनही पंजा दुमडला की जिभेच्या आवाक्यात येणारी होती. औषध तिथे पुरेसा वेळ टिकतच नव्हते, असे मला वाटते.

जानेवारीत हिरड्यांचा त्रास वाढल्याने दाढा काढाव्या लागल्या. त्याच भुलेत मनगटाचा चट्टा कापला आणि हनुवटीचा उरलेला भाग गोठवला. एका भुलेत तीन कामे केल्याने मूत्रपिंडांवरचा एक भार वाचला. मनगटावर त्वचा तुटपुंजी असल्याने मधला थोडा भाग उघडा ठेवून ड्रेसिंगवर भरून आणावा लागला, त्याला पाच आठवडे लागले. ऊतकतपासणीत तो चट्टा अजूनही जागच्या जागीच होता, आधारपटल ओलांडलेले नव्हते, आणि कडा स्वच्छ होत्या. दाढा निघाल्यावर त्याचे खाणे सुधारले आणि मार्चपर्यंत वजन ४.१ किलो झाले. या सगळ्या उपचारांत त्याला स्वतःला सर्वांत मोठा आराम बहुधा या दंतोपचाराने मिळाला असावा.

एप्रिलमध्ये डाव्या कानामागे ६ मिमीचा आणि जुलैत पाठीवर ४ मिमीचा असे दोन नवे चट्टे आले. दोन्ही बाईंनी रविवारच्या तपासणीत बोटांनी चाचपून शोधले, केसांखाली ते डोळ्यांना दिसत नव्हते. बायोप्सी पुन्हा केली नाही. स्वरूप तेच होते, व्रण नव्हता, आणि आठ आठवड्यांत मलमाला दाद मिळाली नाही किंवा मध्यभागी जखम उघडली तर लगेच तुकडा घ्यायचा असे ठरवले. कानामागचा सात आठवड्यांत गेला.

शेवटची तपासणी सप्टेंबरच्या अखेरीस झाली. खांद्याच्या व्रणाच्या जागी एक पातळ रेष आहे आणि तिथली लसिकाग्रंथी सामान्य आकाराची लागते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. क्रिएटिनिन २.१ आहे, त्यासाठी मूत्रपिंडाचा आहार सुरू केला आहे. कपाळावर जिथे मलम लागले त्या दोन जागी काळ्या केसांऐवजी पांढरे केस उगवले आहेत. पाठीवरचा चट्टा २ मिमीवर आला आहे आणि त्याच्यावर दर सोमवारी आणि गुरुवारी मलम चालू आहे. नाण्याशेजारची छायाचित्रे अजूनही रविवारी येतात, आणि पुढची रक्ततपासणी डिसेंबरात ठरली आहे.